राइड-ऑन मोवर शिकताना: सीटवर बसण्याआधी मैदान पायी फिरा

कोल्हापूर परिसरात बसून चालवायचं गवत कापायचं मशीन तीन ठिकाणी हमखास भेटतं: लग्नाच्या लॉनवर, फुटबॉलच्या मैदानावर आणि पन्हाळ्याच्या बाजूला झालेल्या फार्महाऊसवर. ते हातात येतं ते बहुतेक ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराच्या. ‘एवढासा तर ट्रॅक्टर, त्यात काय शिकायचं?’ असं त्याला वाटतं, आणि गडबड तिथंच होते. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मागं असतो आणि त्याच्या जवळ कोणी जात नाही. इथं पाती चालवणाऱ्याच्या पायाखाली असतात, पत्र्याच्या डेकनं झाकलेली, त्यामुळं ती दिसतच नाहीत.

एक साधा हिशेब करा. ४२ इंची डेकमध्ये बहुधा दोन पाती असतात, प्रत्येकी साधारण २१ इंच. मिनिटाला ३,२०० फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास फिरतं. त्या टोकाला लागलेला खिळा किंवा सुपारीएवढा खडा डेकच्या बाजूला गवत बाहेर टाकणाऱ्या तोंडातून बाहेर पडला की काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिलं काम पायी फिरायचं, आणि तेही रोज.

मैदान पायी फिरताना

लग्नाचं लॉन असेल तर हे काम सर्वांत महत्त्वाचं. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की लॉनवर आज मांडव, उद्या मांडव. मांडववाला खुंट्या उपटून नेतो, पण सगळ्या नेत नाही. बाइंडिंग तारेचे तुकडे, लायटिंगच्या माळेची वायर, स्टेजचे खिळे, फुलांच्या हारांचा दोरा, बाटल्यांची बुचं हे सगळं गवतात बसलेलं असतं. खुंटी आणि खिळा फेकला जातो. तार, दोरा, वायर मात्र पात्याच्या स्पिंडलला, म्हणजे पातं फिरवणाऱ्या उभ्या दांड्याला, गुंडाळत जातात, बेअरिंगच्या सीलमध्ये घुसतात आणि महिन्याभरानं बेअरिंग ओरडायला लागतं. मांडववाल्यानं खुंट्या किती ठोकल्या आणि किती काढल्या याचा आकडा लिहून घ्यायची सवय लावा. दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक लॉनवरून ओढलं तर डोळ्यांना न दिसलेले खिळे निघतात.

मैदानावर बघायचं ते गोलपोस्टच्या जाळ्याचे हुक, कोपऱ्यातल्या झेंड्यांची भोकं, पाण्याच्या पाइपचे स्प्रिंकलर आणि चेंबरची झाकणं. जे उचलता येत नाही त्याच्या शेजारी चुन्याचा ठिपका किंवा लाल झेंडी लावा. फार्महाऊसवर दगड जास्त, शिवाय पावसाळ्यात वर आलेली झाडांची मुळं. गुडघाभर गवत वाढलं असेल तर आधी काठीनं झोडपत फिरा. घोणस गवतात निवांत पडून असते आणि मशीनचा आवाज ऐकून हलेलच असं नाही. मार्च ते जूनच्या दरम्यान उघड्या मैदानावर टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर जवळपास जमिनीवरच अंडी आहेत असं समजा. तेवढी जागा सोडून द्या, पिल्लं मोठी झाली की कापा.

फिरतानाच जमीन तपासायची. पंचगंगेकाठची काळी माती असेल तर वाफसा आल्याशिवाय मशीन घालायचं नाही. टाच दाबून वळवा. पाणी वर आलं किंवा मातीचा गोळा चपलेला चिकटला तर आज सुट्टी. ओल्यात मशीन घातलं की चाकाच्या चाकोऱ्या पडतात आणि त्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहतात. ओलं गवत डेकखाली लगद्यासारखं चिकटून तोंड चोक होतं आणि उतारावर चाक घसरतं ते वेगळंच. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की घाई होते, हे मान्य. तरी दहिवर किंवा पावसाचं पाणी सुकायला दोन-तीन तास द्या, दुपारी कापा.

उतार मोजायचा कसा

बहुतेक राइड-ऑन मशीनची मर्यादा १५ अंशांची असते. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तकात बघा, तो कमी असेल तर तोच खरा. अंदाजानं अंश कळत नाहीत, म्हणून मोजा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, तिच्यावर गवंड्याची स्पिरीट लेव्हल ठेवा. पट्टीचं वरचं टोक उतारावर टेकवा आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत खालचं टोक उचला. त्या टोकाखाली जमिनीपर्यंत २७ सेंटीमीटर भरले तर उतार १५ अंशांचा. त्याच्या वर भरलं तर तिथं हाताचं ब्रश कटर वापरायचं.

१५ अंशांच्या आतला उतार ट्रॅक्टरसारख्या मशीननं वर-खाली कापायचा, आडवा नाही. आडवं गेलं की वजन खालच्या दोन चाकांवर येतं आणि वरचं चाक एखाद्या ढेकळावर चढलं की मशीन पलटतं. हाताने ढकलायच्या मशीनला नियम नेमका उलटा आहे, ते आडवं चालवतात. ज्यांनी आधी ते मशीन चालवलंय त्यांची इथंच गल्लत होते. झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या मशीनची गोष्ट वेगळी, तिथं पुस्तकात लिहिलेली पद्धतच धरा.

उतारावर चालू-बंद-चालू करू नका, अचानक वळू नका, गिअर न्यूट्रलला टाकून खाली सोडू नका. चढताना चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर पाती बंद करा आणि सावकाश सरळ खाली या. आणखी एक सोपी कसोटी: जो उतार रिव्हर्समध्ये सरळ चढता येत नाही तो या मशीनचा नाही. मागं गवताची पिशवी लावलेली असेल तर भरल्यावर वजन मागं जातं, म्हणून उतारावर पिशवी काढा किंवा अर्धी भरताच रिकामी करा.

विहीर, शेततळं, चर, बांधाची कड यांपासून मशीनच्या दोन रुंदीइतकं अंतर ठेवा. पावसानं भिजलेली कड वरून घट्ट दिसते आणि चाक आलं की ढासळते. तेवढी पट्टी हाताने कापली तर फार तर अर्धा तास जाईल. रोल बार (मशीन पलटलं तर चालवणाऱ्याला वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) असलेलं मशीन असेल तर सीटबेल्ट बांधायचाच. रोल बार नसेल तर बेल्ट बांधायचा नाही, कारण मशीन पलटताना तुम्हाला बाहेर पडता आलं पाहिजे.

अंगावर काय, आणि मशीनवर काय

बंद बूट, लांब पँट, डोळ्यांवर गॉगल, कानात प्लग. चप्पल घालून हे मशीन चालवायचं नाही. गळ्यातला टॉवेल, लोंबणारी ओढणी, सैल शर्ट काढून ठेवा. तासन्‌तास त्या आवाजात बसलं की संध्याकाळी कानात शिट्टी वाजते; कान निकामी होण्याची सुरुवात तीच असते.

आता सीटखालचा स्विच. चालवणारा उठला की इंजिन बंद पडतं किंवा पाती थांबतात, त्यासाठी तो असतो. ब्रेक पेडलला आणि पाती चालू करायच्या बटणाला (पीटीओला) असेच स्विच असतात. सीटचा स्विच खराब झाला की मशीन धक्क्यासरशी बंद पडायला लागतं, आणि मग कोणीतरी वायर जोडून ‘डायरेक्ट’ करून देतं. मशीन चालतं, सगळे खूश. पण त्यानंतर चालवणारा उतारावरून घसरून पडला तरी पाती फिरतच राहतात. असं डायरेक्ट केलेलं मशीन हातात आलं तर आधी स्विच बसवून घ्या, मग कापणी. स्विच बदलायला दोन वायरी आणि एक क्लिप एवढंच काम असतं.

तपासायची रीत: ब्रेक दाबून इंजिन चालू करा, पाती बंद ठेवूनच सीटवरून थोडं उठा आणि काय होतं ते पुस्तकाशी ताडून बघा. मग बसून, पाती चालू करून उठा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. पातीचं बटण बंद केल्यावर ५ सेकंदांच्या आत पाती थांबली पाहिजेत. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पात्याचा ब्रेक किंवा क्लच झिजलाय.

बाजूच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण गवत अडवतं म्हणून काढून ठेवलेलं अनेक ठिकाणी दिसतं. ते परत बसवा; खडा जमिनीकडे वळवतं ते हेच. आणि मांडीवर लहान पोराला बसवून फेरी मारायची नाही, कितीही हट्ट केला तरी. पोराला मांडीवर बसून फिरण्याची सवय लागली की पुढच्या वेळी ते मशीनच्या मागून पळत येतं आणि तुम्ही रिव्हर्सला असता.

चालवण्याचा क्रम

इंजिन गार असताना, सपाट जागेवर, तेलाची डिपस्टिक बघा. कमी असेल तर थोडं थोडं घाला. जास्त झालेलं तेलही वाईटच: ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये जातं, पांढरा धूर येतो आणि मग लोक रिंग गेल्या म्हणून इंजिन उघडायला निघतात. टायरची हवा कारसारखी भरू नका. लहान मशीनमध्ये पुढं साधारण १४ आणि मागं १० पीएसआय एवढीच लागते. पंक्चरवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो सवयीनं ३० भरतो. एका बाजूला हवा कमी-जास्त झाली की डेक तिरका होतो आणि लॉनवर पायऱ्या पडतात.

पेट्रोल इंजिन गार असताना भरा. चालू होतं ते बंद केलं असेल तर १५ मिनिटं थांबा. कॅन जमिनीवर ठेवून भरा, टेम्पोच्या हौद्यात ठेवून नाही. टाकीतून पेट्रोल काढायला नळीला तोंड लावू नका, त्यासाठी हातपंप मिळतो.

सीटवर बसा, ब्रेक दाबा, गिअर न्यूट्रलला, पाती बंद. इंजिन गार असेल तर चोक ओढा, चावी फिरवा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. चालू झाल्यावर चोक हळूहळू सोडा आणि दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या. थ्रॉटल साधारण तीन चतुर्थांश करून पाती चालू करा, मग थ्रॉटल पूर्ण. कापताना थ्रॉटल कायम पूर्णच ठेवायचा. वेग कमी करायचा तो गिअरनं किंवा पेडलनं. पेट्रोल वाचवायला थ्रॉटल कमी केला की पाती मंदावतात, गवत कापण्याऐवजी फाटतं आणि इंजिनाच्या पंख्याची हवाही कमी होते.

गवताचं तोंड उजवीकडे असलेल्या मशीननं पहिल्या दोन फेऱ्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मारा. गवत आत पडतं. भिंत, गाड्या, फुलझाडं यांच्यावर उडत नाही. त्यानंतर दिशा उलटी करा म्हणजे कापलेल्या भागावर गवत पडत जाईल आणि पाती तेच गवत दोनदा कापणार नाहीत. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर १० सेंटीमीटर चढवा. ४२ इंची मशीन ताशी ५ किलोमीटरनं वळणं धरून तासाला साधारण ३५ गुंठे कापतं. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉल मैदान सुमारे ७१ गुंठ्यांचं, म्हणजे दोन तासांचं काम. एका तासात उरकायला गेलात तर मधे केसांच्या झुपक्यासारख्या रेघा राहतात.

एका कापणीत गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग काढायचा. हरळीच्या लॉनला दीड-दोन इंच उंची बरी. पावसाळ्यात गवत सहा इंच झालं असेल तर आज चार इंचांवर कापा, तीन-चार दिवसांनी खाली आणा. एकदम खाली घेतलं की पिवळी बुडं दिसतात, गवत दबतं आणि मोकळ्या जागेत लव्हाळा घुसतो.

रिव्हर्स घेताना पाती बंद, मान मागं वळवून. माणूस, कुत्रं किंवा मूल ५० फुटांच्या आत आलं की पाती बंद करून थांबा. रस्त्यावरून, मुरमावरून किंवा फरशीवरून जाताना डेक वर आणि पाती बंद.

तोंड चोक झालं तर

पावसाळ्यात हे दिवसातून तीन-चारदा होतं आणि बोटं जातात ती इथंच, चालवताना नव्हे. दरवेळी क्रम एकच, घाई असली तरी:

१. पातीचं बटण बंद करा.
२. गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक ओढा.
३. इंजिन बंद करून चावी काढा आणि खिशात टाका. चावी मशीनला ठेवायची नाही, दुसरा कोणीतरी ‘मदत’ म्हणून चालू करतो.
४. पाती पूर्ण थांबल्याचा आवाज ऐका.
५. स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही.
६. गवत काठीनं काढा, हातानं नाही. दोन्ही पाती फिरवणारा पट्टा (बेल्ट) एकच असतो, त्यामुळं एक पातं हलवलं की दुसरंही फिरतं.

पातं

पातं बोथट झालंय हे दुसऱ्या दिवशी गवतावरून कळतं. टोकं सरळ कापलेली नसून फाटून पांढुरकी-तपकिरी झालेली दिसतात. साधारण २५ तासांनी धार लावा. माती-मुरूम जास्त असेल तर आधीच.

डेक काढून किंवा पुढची चाकं रॅम्पवर चढवून काम करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली हात घालू नका, खाली स्टँड लावा. पातं आणि डेक यांच्यात लाकडी ठोकळा अडकवला की बोल्ट सुटतो. ठोकळ्याऐवजी हातानं पातं धरायचं नाही, हातमोजा असला तरी. बोल्ट उलट्या आट्याचा असू शकतो, जोर लावण्याआधी पुस्तक बघा.

धार कानशीनं लावली तर उत्तम. ग्राइंडर वापरायचा तर लोखंड निळं होऊ देऊ नका, निळं झालं की टेम्पर (पोलादाचा कडकपणा) गेला आणि धार दोन दिवसांत जाते. मूळ कोन साधारण ३० अंशांचा असतो, तोच ठेवा. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्या खड्यावर चिरफळते. लोणी पसरायच्या चाकूइतकी जाडी बरोबर. दोन्ही बाजूंना सारखेच हात मारा आणि मग तोल बघा: भिंतीत खिळा ठोका, मधलं भोक त्यावर अडकवा. जी बाजू खाली जाते ती जड. धारेच्या मागच्या बाजूनं थोडी घासा. तोल न सांभाळलेलं पातं बेअरिंग खातं.

वाकलेलं पातं ऐरणीवर सरळ करून किंवा तडा वेल्डिंग करून कधीच लावू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये काहीही वेल्ड करून मिळतं, हे खरं आहे, पण त्या वेगात वेल्ड सुटला तर तुकडा कुठं जाईल याची शाश्वती कोणी देणार नाही. पात्याच्या मागच्या टोकाला वर उचललेला पंख असतो. तो मातीनं घासून पातळ झाला की नवं पातं आणा. परत बसवताना तो पंख वर, डेकच्या बाजूला आला पाहिजे. उलटं बसलेलं पातं फिरतं पण कापत नाही. बोल्टचा टॉर्क अनेक मशीनवर ६० ते ७५ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. तुमचा नेमका आकडा बघून टॉर्क पान्यानं आवळा.

धार लावून झाली की पात्याच्या टोकाचं जमिनीपासून अंतर मोजा. डाव्या-उजव्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते १० मिलिमीटर खाली. मोजणी सपाट फरशीवर आणि टायरची हवा बरोबर केल्यावरच करायची.

स्पिंडल हातानं फिरवून बघा, खरखर लागली तर बेअरिंग बदला. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, बऱ्याच मशीनला ६२०३ किंवा ६२०४ निघतो, दोन्हीकडून रबरी सील असलेलाच घ्या. पट्ट्याचं तसं नाही. मापात बसतो म्हणून चक्कीचा किंवा पंपाचा पट्टा घालू नका. मोवरचा पट्टा सैल-घट्ट होत घसरण्यासाठी वेगळ्या धाग्याचा बनवलेला असतो, साधा पट्टा लवकर जळतो.

तेल, हवा, पेट्रोल

नव्या इंजिनाचं तेल पहिल्या ५ ते ८ तासांनी, नंतर दर ५० तासांनी बदला. आपल्याकडच्या हवेला एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० चालतं. एका सिलिंडरच्या इंजिनाला सुमारे १.४ लिटर, दोन सिलिंडरला १.९ लिटरच्या आसपास लागतं, पण भरताना डिपस्टिकच बघायची. जुनं तेल गटारीत सोडू नका, गॅरेजला द्या. स्पार्क प्लगच्या टोकांमधलं अंतर बऱ्याच इंजिनांना ०.७६ मिलिमीटर असतं.

कागदी एअर फिल्टर २५ तासांनी काढून हलकेच आपटा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ सिलिंडरमध्ये जाते. फोम असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. इंजिनाच्या पंख्याच्या जाळीवर चिकटलेलं गवत रोज काढा. जाळी बंद झाली की एका दुपारीही इंजिन गरम होऊन बसतं. सायलेन्सरजवळचं सुकं गवत पेट घेऊ शकतं. मशीन गरम असताना पाणी मारू नका, गार झाल्यावरही बेअरिंग आणि इंजिनावर प्रेशरचा फवारा नको. डेक लाकडी पट्टीनं खरवडा.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत उसापासून होतं. मोवरच्या बऱ्याच इंजिनांची पुस्तकं मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात, म्हणून विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर पडून राहिली की पाणी खाली बसतं आणि कार्ब्युरेटरचा जेट चिकटतो. दोन आठवड्यांपुरतंच पेट्रोल आणा, रबरी नळ्या मऊ किंवा चिरलेल्या दिसल्या की बदला. महिन्याहून जास्त मशीन उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा, फ्युएल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

थरथर वाढली तर कारण शोधण्याआधी पाती बंद करा. बहुधा वाकलेलं पातं, सुटलेला बोल्ट किंवा गुंडाळलेली तार निघते. मशीन चालूच होत नसेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी ब्रेक पूर्ण दाबलाय का, पाती बंद आहेत का, सीटवर नीट बसलाय का, बॅटरीच्या टोकांवर पांढरं फूल आलंय का, एवढं बघा. १२ व्होल्टची बॅटरी उभ्या मशीनवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली गेली की चार्जिंगला लावा.

मोठी सर्व्हिस मेमध्ये, मृगाआधी. पाऊस सुरू झाला की मेकॅनिक रिकामा सापडत नाही आणि स्पेअर पार्ट पुण्याहून यायला आठवडा लागू शकतो. पट्टा, दोन पाती, एक एअर फिल्टर आणि एक प्लग जूनच्या आधी कपाटात हवेत. बरेच महिने उभं राहिलेलं मशीन चालू करण्याआधी बॉनेट उघडून आत बघा. उंदरानं इंजिनाच्या पंख्याखाली गवताचं घरटं केलेलं असतं आणि पहिली वायर कुरतडलेली सापडते ती बहुधा सीटच्या स्विचची.